इतर जलचर : पहिला क्रमांक

काळेवाडी,
ता. ९ मे १९७९

तीर्थस्वरूप मामा आणि सौ. मामी यांना जावई साहेबराव याचा सप्रेम जय भीम.

इकडे आम्ही सगळे, म्हणजे मी एकटा, सुखरूप आहोत. तिकडे तुम्ही सगळे, म्हणजे सुट्टीला आलेली आमची दोन पोरं आणि गेल्या आठवड्यात त्यांच्या मागोमाग आलेली त्यांची आई धरून, सुखरूप असाल असं समजतो. मामा, तुमचा गुडघा कसा आहे? तेल कोमट करून लावता की बाटलीतलं तसंच? मामींचा खोकला उन्हाळ्यात तरी थांबायला हवा. शेळी व्याली असेल तर कळवावं, पोरं पत्रात तेवढंच विचारायला सांगून गेली होती आणि आता ती स्वतःच तिथं असल्यामुळे खरं म्हणजे मी विचारायचं कारण नाही, पण सवय आहे. (भिवा, मेहुण्या, नेहमीप्रमाणे अंगणात खाट टाकून तूच हे पत्र सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवत असशील. वाच. पण कंसातला मजकूर तुझ्यापुरता आहे. तो मनात वाचायचा आणि वाचताना चेहरा सरळ ठेवायचा.)

तुमचं कार्ड पोचलं. त्यात तीन वाक्यं होती. ‘कस्तुरा आली आहे. बोलत नाही. काय केलंत?’ खाली तुमची सही. मामा, कार्डावर अजून बारा-पंधरा ओळी मावल्या असत्या. ती कोरी जागा मला फार लागली. तुम्ही चार शिव्या लिहिल्या असत्या तर मी त्या वाचून निदान एका जागी बसलो असतो. आता मला बसवतच नाही. स्टोव्ह पेटवतो आणि भांडं ठेवायचं विसरतो. भांडं ठेवतो तेव्हा स्टोव्ह विझलेला असतो. खोली दहा बाय बारा आहे, तीत माणूस येरझारा घालून घालून किती घालणार, तरी मी घालतो. शेजारच्या बायका विचारतात, वहिनी कधी येणार? मी सांगतो, पोरांची सुट्टी संपली की. त्या एकमेकींकडे बघतात. त्यांना सगळं माहीत आहे, कारण झालं ते त्यांच्यामुळेच झालं. ते पुढं येईल.

तुम्ही म्हणाल, चाकण काय विलायतेत आहे का, स्वतः यायचं. आलो होतो की. कार्ड मिळालं त्याच दिवशी नाशिक फाट्यावर जाऊन एसटी धरली आणि भोसरीला उतरून परत आलो. दुसऱ्या दिवशी मोशीपर्यंत आलो. परवा हिय्या करून थेट चाकण स्टँडवर उतरलो, तिथून तुमचं गाव दोन मैल, पायी अर्धा-पाऊण तास. मी स्टँडवर भजी खाल्ली, पाणी प्यालो, तुमच्या गावाच्या रस्त्याकडे जरा वेळ बघितलं आणि त्याच एसटीनं परत आलो. कंडक्टरनं ओळखलं. म्हणून पत्र लिहितो आहे. माझी एकच विनंती आहे की कस्तुराला समजावून परत पाठवावं. पण नुसती विनंती केली तर तुम्हाला वाटेल की चूक माझी आहे. चूक माझी नाही. चूक आमच्या कंपनीच्या छायाचित्र मंडळाची आहे. ते क्रमानं सांगतो.

आमच्या कंपनीत पूर्वी एक जर्मन इंजिनिअर होते. यंत्रं उभी करून द्यायला आले होते, तीन वर्षं राहिले. त्यांना समुद्रात बुड्या मारून माशांचे फोटो काढायचा नाद. पिंपरीत समुद्र नाही याचं त्यांना शेवटपर्यंत दुःख होतं. परत जाताना त्यांनी कंपनीला एक चांदीचा कप दिला आणि सांगितलं की दरवर्षी कामगारांसाठी पाण्याखालच्या फोटोंची स्पर्धा घ्या, जिंकणाऱ्याला कप द्या आणि पहिला फोटो मला टपालानं पाठवा. साहेब विमानात बसले. कप कपाटात बसला. सगळ्यांना वाटलं विषय संपला. पण वर्षभरानं जर्मनीहून पत्र, फोटो कुठाय? तेव्हा वेल्फेअरचे अण्णासाहेब घाबरले. (अण्णासाहेब माणूस चांगला, पण परदेशी तिकीट लावलेलं पाकीट आलं की ते फोडायच्या आधी पाणी मागवतात.) आणि तेव्हापासून ही स्पर्धा दरवर्षी मे महिन्यात होते. कंपनीत अकराशे माणसं आणि पाण्यात चालणारा कॅमेरा एकाकडेही नाही, तरी होते.

पहिल्या वर्षी कॅन्टीनच्या मॅनेजरनं घरच्या काचेच्या पेटीतला मासा बाहेरून काढला आणि कप नेला. दुसऱ्या वर्षी अण्णासाहेबांनी नियम केला की कॅमेरा पाण्याखाली पाहिजे. तर पेंट शॉपच्या एकानं कॅमेरा दुधाच्या पिशवीत बांधून बादलीत सोडला आणि बादलीच्या बुडाचा फोटो काढला. त्याला कप मिळाला. जर्मन साहेबांनी कळवलं की चंद्राचा पृष्ठभाग उत्तम आला आहे, पण विषय पाण्याखालचा होता. म्हणून यंदा आणखी एक नियम आला: कॅमेरा आणि फोटो काढणारा, दोघंही पाण्याखाली पाहिजेत. फॉर्मवर नवीन रकाना आला. ‘पोहता येते काय?’ मी लिहिलं, होय. आणि तीन विभाग केले, मासे, वनस्पती आणि इतर जलचर. हा तिसरा विभाग लक्षात ठेवा मामा, माझा संसार त्यानंच मोडायला काढला आहे.

आता कॅमेरा. माझ्याकडे साधा डबा कॅमेरा आहे, बारा फोटोंचा, त्यानंच तुमचा आणि मामींचा बैलगाडीपुढचा फोटो काढला होता. (ज्यात मामींचं डोकं आलं नाही तो.) त्याला पाण्यातून न्यायचं तर बाहेरून पेटी पाहिजे. ती पेटी खंडूनं केली. खंडू आमच्या मेन्टेनन्सचा फिटर, माझा दोस्त, गावठाणातला गडी. गिअरबॉक्समधून तेल गळायला लागलं की कंपनी खंडूला हाक मारते, आणि खंडूनं ऑइल सीलची रबरी चकती बसवली की तिथून पुन्हा थेंब येत नाही. त्यानं जाड पत्र्याची पेटी केली, पुढं काच बसवली, झाकण सोळा बोल्टांनी आवळलं. बाजूनं एक दांडी आत घातली, तिची मूठ बाहेरून फिरवली की आत कॅमेऱ्याचा खटका दाबला जातो आणि रोलही एक घर पुढं सरकतो. दांडी आत जाते तिथून पाणी शिरू नये म्हणून तिच्यावर ऑइल सील. मग आम्ही पेटीची टेस्ट घेतली, कंपनीत घेतात तशी शिस्तीत. सायकलच्या पंपानं आत हवा भरली, पेटी कॅन्टीनच्या हौदात बुडवली आणि आठ जण वाकून बघत बसलो. एक बुडबुडा नाही. खंडू म्हणाला, “भावा, ह्यातनं वारा बी भाईर जायचा न्हाई.” सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली.

चूक तिथंच झाली होती आणि आठ जाणत्या कामगारांपैकी एकाच्याही ध्यानात आली नाही. ऑइल सीलला ओठासारखी कड असते. ती ज्या बाजूला तोंड करून बसवाल तिकडचा दाब ती अडवते, उलटीकडून काही आलं तर त्याला वाट देते. गिअरबॉक्समध्ये तेल आत असतं, म्हणून कड आतल्या बाजूला. खंडूनं सोळा वर्षं तशीच बसवली, इथंही तशीच बसवली. आणि टेस्टही आम्ही आतूनच दाब देऊन घेतली. आमच्या सगळ्या हयातीत आम्ही तेल आत ठेवायला शिकलो, मामा. पाणी बाहेर ठेवायचं काम आजवर कुणी सांगितलंच नव्हतं.

(इथं मी उठून बाहेर जाऊन आलो. काही नाही, उगीच. रस्त्यावर एक बाई पिशवी घेऊन येत होती, लांबून मला वाटलं, तर ती भलतीच.)

पेटी गेटबाहेर काढायलाच एक दिवस गेला. आमच्याकडे कंपनीच्या पत्र्याचा तुकडा जरी बाहेर न्यायचा तरी गेटपास लागतो आणि त्यावर वस्तूचं वर्णन लागतं. अण्णासाहेबांनी लिहिलं, ‘पाणी न शिरणारा डबा, एक नग, परत आणण्याच्या बोलीवर.’ गेटवरचे हवालदार म्हणाले, पाणी शिरत नाही हे कशावरून? त्यांनी डबा पालथा केला, हलवला, कानाला लावला आणि सोडला. आज विचार करतो, त्या माणसाचं ऐकायला हवं होतं.

विहीर ठरली पिंपळे गुरवच्या सोपानरावांची. खंडूची त्यांची ओळख. जुनं शेतकऱ्याचं घर, अर्ध्या शेतात आता प्लॉटच्या खुणांचे दगड रोवलेत, पण विहीर चांगली दगडी, आत उतरायला पायऱ्या आणि उन्हाळ्यातही पाणी नितळ. सोपानराव म्हणाले, “उतरा की. पर हिरीत साबन लावायचा न्हाई, आन् थुकायचं न्हाई. आमी प्येतो ते पानी.” त्यांच्या आई अंबुबाई काठावर गोधडी घालूनच बसल्या. कुणी विहिरीचा फोटो काढायला येतंय म्हटल्यावर त्यांनी लुगडं बदललं होतं. फोटो पाण्यातले आहेत हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

कस्तुराला मीच घेऊन गेलो. ती येत नव्हती. तिला म्हटलं, तुझा नवरा काय करतो ते बघ तरी एकदा. पाणी किती आहे, तिनं विचारलं. मी म्हटलं, गुडघाभर. (भिवा, तीस फूट होतं.) गुरुवार होता, आमच्या सुट्टीचा वार. ऊन बरोबर विहिरीत उतरावं म्हणून भर दुपारी बाराला आम्ही पोचलो. खंडूनं माझ्या कमरेला दोर बांधला आणि त्याचं दुसरं टोक कस्तुराच्या हातात दिलं, नुसतं धरायला, म्हणजे तिलाही काहीतरी काम. मग तो सोपानरावांना ऑइल सीलचं महत्त्व समजावत बसला. मी पायऱ्या उतरून पाण्याच्या कडेला गेलो, पेटी छातीशी धरली आणि सूर मारला. खाली गेल्यावर वर वळलो आणि मूठ फिरवली. एक फिरवली, दोन फिरवली, पुढं मोजली नाही.

वर आलो तेव्हा पेटी जड झाली होती. हलवली तर आत पाणी डुचमळतंय. खंडूनं काचेतून बघितलं, कॅमेरा निम्मा बुडालेला. त्याचा चेहरा पडला. पण सोळा बोल्ट खोलायचा पाना माझ्याबरोबरच पाण्यात गेला होता आणि त्याला बाहेर काढायला कुणी सूर मारेना. तशीच पेटी सायकलच्या कॅरिअरला बांधून काळेवाडीला आणली, आणि काय सांगू मामा, रस्त्यात एक थेंब सांडला नाही. पाणी आत शिरू दिलं, पण एकदा शिरल्यावर त्या सीलनं ते असं धरून ठेवलं की खंडूला रडावं की हसावं कळेना. दुसऱ्या दिवशी पाना मिळवून पिंपरी कॅम्पातल्या स्टुडिओत नेली. तिथले सिंधी काका चाळीस वर्षं फोटो धुतायत. मी म्हटलं, काका, सगळं गेलं ना? ते म्हणाले, “पानी में ही रहा ना? फिर क्यों गया? सूख जाता तो जाता.” रोल भिजून वाळला की चिकटतो आणि जातो, पण भिजलेलाच राहिला तर धुता येतो. सील सरळ बसलं असतं तर काय आलं असतं कोण जाणे. उलटं बसलं म्हणून पाणी आत आलं, आणि उलटं बसलं म्हणूनच ते शेवटपर्यंत आत राहिलं. बारापैकी अकरा फोटो गेले. एक आला.

तो असा आहे. खालच्या निम्म्या भागात नुसता काळा डाग. वर विहिरीचं गोल तोंड, त्यात ढळढळीत ऊन, पाण्याच्या हेलकाव्यानं सगळ्या रेषा वाकड्या झालेल्या. आणि मधोमध कस्तुरा. पायरीवर ओणवी, अंबाडा सुटून केस दोन्ही बाजूंना लोंबतायत, डोळे एवढाले, तोंड उघडं, हात पुढं. मी कित्येक फोटो काढले, मामा, लग्नांतले, जयंतीच्या मिरवणुकीचे, पण असा फोटो माझ्या हातून कधी आला नव्हता. काकांनी दोनदा चष्मा पुसला. मी तो फोटो स्पर्धेत दिला. कस्तुराला सांगितलं नाही, कारण अचानक कप घरी आणायचा असा माझा विचार होता.

यंदा एकूण तीनच फोटो आले. खंडूनं हौदातल्या नटबोल्टांचा दिला, तो नियमात बसला नाही. स्टोअरच्या कारकुनानं पवना नदीत बुडी मारून काढलेला फोटो संपूर्ण काळा होता. त्याचं नाव ‘पवनेच्या तळाशी अंधार’, त्याला वनस्पती विभागात घातलं. आणि माझा. आता तो मासा नाही आणि वनस्पतीही नाही. अण्णासाहेबांचा क्लार्क नियमाला पक्का. त्यानं शिक्का मारला, इतर जलचर. परीक्षक म्हणून नानासाहेब आले होते, शाळेत चाळीस वर्षं शास्त्र शिकवलेले. त्यांनी भिंग लावून बराच वेळ बघितलं आणि शेरा लिहिला की हा बहुधा उभयचर असावा, भाव फार जिवंत आहेत, पहिला क्रमांक. (भिवा, उभयचर म्हणजे बेडूक वगैरे. कुणी विचारलं तर तुला माहीत नाही.) आणि तो फोटो, शेऱ्यासकट, कॅन्टीनच्या बोर्डावर लागला. तीन शिफ्ट, अकराशे माणसं, प्रत्येक जण चहा घ्यायला तिथूनच जातो.

मी तो शेरा बदलून मागितला. अण्णासाहेब म्हणाले, परीक्षकांचा निर्णय अंतिम असतो. मी म्हटलं, अहो, ती माझी बायको आहे. ते म्हणाले, मग ते फॉर्मवर लिहायला हवं होतं. चौथ्या दिवशी आमच्या चाळीतल्या एकाच्या घरवालीनं नळावर कस्तुराला विचारलं, तुझा फोटो कंपनीत जलचर म्हणून लागलाय म्हणं? कस्तुरानं हंडा भरला, घरात आणून ठेवला, भाकरी करून झाकून ठेवल्या, पिशवी भरली आणि एसटी धरली. मी पहिल्या शिफ्टहून आलो तर कुलूप. किल्ली शेजारी. भाकरी गरम होत्या, हे मला राहून राहून आठवतं.

तेव्हा मामा, यात माझा दोष काय ते तुम्हीच ठरवा. येत्या वीस तारखेला कंपनीत बक्षीस समारंभ आहे. मोठे साहेब येणार, कप देणार, सहकुटुंब बोलावलं आहे आणि माझ्या शेजारची खुर्ची मोकळी ठेवून मी तिथं बसणार नाही. तिला सांगावं की जलचर हा केवळ कागदावरचा विभाग आहे, त्यात अपमान नाही. मामींनी समजावलं तर ती ऐकेल. पोरांना गोड पापा. त्यांना म्हणावं, विहिरीकडे जाऊ नका.

तुमचा आज्ञाधारक जावई,
साहेबराव

ता. क. पत्र पाकिटात घातलं होतं, पुन्हा काढलं. ‘पोहता येते काय’ याच्यापुढं मी होय लिहिलं असं वर म्हटलं आहे. मला पोहता येत नाही. तुम्हाला हे वेगळं सांगायला नको, मामा. आमच्या गावात विहिरीच्या काठापासून दहा पावलं लांब उभं राहायचं आणि कुणी वरून ओंजळीत पाणी घातलं तर प्यायचं. तिथं मला पोहायला कोण शिकवणार होतं? फॉर्म भरताना शेजारी तो स्टोअरचा कारकून उभा होता. तो लहानपणी स्वतःच्या विहिरीत उड्या मारत वाढला, हसत हसत सांगत होता. मला राग आला. ‘नाही’ लिहायला हात उचलेना. म्हणून होय लिहिलं, आणि ते लिहिल्याची मला आजही लाज वाटत नाही. कस्तुराला खरं सांगितलं नाही, याची वाटते.

ता. क. दुसरा. सूर मारला तेही खरं नाही. शेवटच्या पायरीवर शेवाळ होतं, पाय सटकला. मूठ मी फोटोसाठी फिरवली नाही, हाताला जे लागलं ते धरून पिरगाळत होतो. खंडू आणि सोपानराव बोलण्यात होते. दोर एकट्या कस्तुरानं ओढला. ते दोघं धावून येईपर्यंत तिनं मला पायरीपर्यंत आणलं होतं. मामी, तिच्या तळहातांवर वळ आहेत, तुम्ही पाहिले असतील. मीही पाहिले होते. वर आल्यावर नाकातोंडातलं पाणी गेलं, भोवती माणसं जमलेली बघितली आणि मी तिला सगळ्यांसमोर म्हणालो, “बोंबलायला काय झालं होतं? फोटो हलला ना!” ती तिथं गप्प झाली ती अजून गप्प आहे. जलचराचं नंतर झालं. मी आठवडाभर नळावरच्या बायकांना बोल लावतोय, पण ती त्यांच्यामुळे गेली नाही.

ता. क. तिसरा आणि शेवटचा, कारण पाकीट आता चिकटवायला हवं. फोटो सोबत पाठवला आहे. वरचं पत्र लिहून झाल्यावर, काल मी तो बोर्डावरून काढला. ही एकच प्रत आहे, निगेटिव्हही आतच आहे. अण्णासाहेब म्हणाले, फोटो नसेल तर कप ‘पवनेच्या तळाशी अंधार’ला जाईल. जाऊ दे. कस्तुरानं तो ठेवावा नाहीतर चुलीत घालावा, मी विचारणार नाही. यातली बाई काय ओरडते आहे, असं कंपनीत सगळे विचारत होते. मी सांगितलं, ‘वाचवा’. ते खोटं आहे. ती माझं नाव घेत होती. बारा वर्षांत तिनं मला नावानं हाक मारलेली नाही. अहो, पोरांचे बाबा, आणि राग आला की नुसतंच, ऐकू येतं का. मला वर काढल्यावर अंबुबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, “अगं बया, मालकाचं नाव घेतलंस की!” आणि सगळे हसले, आणि तिची मान खाली गेली, आणि अशा वेळी मी फोटो हलल्याचं बोललो. मामा, तिला म्हणावं, तू तीन हाका मारल्यास. पहिल्या दोन मला पाण्यातून नीट ऐकू आल्या नाहीत. तिसरीला मी ओ दिली होती, पण तोंडात पाणी होतं.